चौकटीतली तार

शाळेच्या स्मारक समितीने काढलेल्या पुस्तिकेचे नाव 'शौर्य आणि सुजाण नागरिकत्व' असे होते, आणि तिच्या बाराव्या पानाप्रमाणे बोनस नावाची बाई अस्तित्वात नव्हती.

पान बारा, नोंद आठवी. वर बाबांचे नाव, त्याखाली 'हुतात्मा', त्याखाली पुलावरच्या लढाईची तारीख. शेजारी पुराव्यादाखल आईच्या घरातल्या भिंतीवरच्या तारेचे छायाचित्र, चौकटीसकट, काचेवर पडलेल्या ट्यूबलाइटच्या पट्ट्यासकट. बोनसचा जन्म त्या तारखेनंतर तीन वर्षांनी झाला होता. गेली बावीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या आणि उद्या सकाळी नऊ वाजता याच पुस्तिकेवरून साडेचारशे मुलांना धडा देण्याचे काम अंगावर असलेल्या बोनसने आईच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तो मजकूर दोनदा वाचला, मग समासात पेन्सिलीने वजाबाकी केली. वजाबाकी बरोबर होती.

"दादा," ती म्हणाली, "माझं अभिनंदन कर. मी भुताची मुलगी आहे."

दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुस्तिकांचे पन्नासाचे गठ्ठे सुतळीने बांधत होता. पुस्तिका त्याच्याच छापखान्यात छापली होती. गाठ मारताना त्याने मान वर केली नाही.

"छायाचित्र छान आलंय ना?"

"उत्तम. बाबांना मारलंयस तेही स्वच्छ, ठळक टाइपात."

"मी नाही मारलं. समितीचे गृहस्थ आले होते, आई डोळे तपासायला गेली होती तेव्हा. भिंत बघितली, फोटो काढला, गेले. त्यांनी काय समजायचं ते समजले."

समजण्यात त्या गृहस्थांची फारशी चूक नव्हती. कोणत्याही शहाण्या घरात पदक भिंतीवर असते आणि मरणाची तार पेटीच्या तळाशी. या घरात बाबांचे पदक शिवणाच्या मशीनवर, बटणांच्या डब्यात होते, आणि 'आपले पती कामगिरीवर असताना ठार झाल्याचे कळविण्यास खेद वाटतो' ही तार मात्र काच लावून, पितळी कड्या बसवून, दर्शनी भिंतीवर. ती बाबांनी स्वतःच्या हाताने लावली होती. आपल्या मरणाची बातमी खिळा ठोकून टांगणारा माणूस कोणत्याही समितीच्या रकान्यात बसत नाही. म्हणून समितीने रकाना तसाच ठेवला आणि माणूस कापून बसवला.

अशा समित्यांना मेलेलेच वीर लागतात, याला कारण आहे. मेलेला वीर सभेत उठून 'तसं नव्हतं' असे म्हणत नाही. त्याला दमा होत नाही. तो रेशनच्या रांगेत आपल्यामागे उभा नसतो, त्यामुळे त्याच्यापुढे आपली मान खाली घालण्याची वेळ येत नाही. बाबा त्या लढाईनंतर एकवीस वर्षे जगले, एका पायाने लंगडत, पाणीपुरवठा खात्यात गल्लोगल्लीच्या पाण्याच्या चाव्या उघडत आणि बंद करत. पहाटे साडेतीनला त्यांनी चावी फिरवली नाही तर हजार घरांत तोंड धुता येत नसे, आणि त्या हजार घरांतल्या एकालाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते. पुस्तिकेत सुजाण नागरिकाची सात लक्षणे दिली होती. त्यांत पहाटे उठणे नव्हते.

"चुकलं असेल तर दुरुस्त करू की नंतर," दादा म्हणाला.

"नंतर कधी? शाळेच्या सभागृहात, हुतात्म्यांच्या भिंतीत दगड बसवलाय आज सकाळी. आठवा दगड. त्यावरही हेच कोरलंय, मी बघून आले. उद्या पडदा ओढायचा, आणि मग मी मुलांपुढे उभी राहून काय सांगायचं? की खरं बोलणं हे नागरिकाचं पहिलं लक्षण, आणि हा बघा दगड, याच्याप्रमाणे तुमच्या बाई जन्मल्याच नाहीत?"

"तू प्रत्येक गोष्टीत स्वतःला आणतेस."

"इथे मला आणायची गरजच नाही, दादा. इथून मला काढलंय."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी चहाचे कप घेऊन थबकली. छापखान्यातली प्रुफे गेली तीस वर्षे तीच तपासत आली होती. नवऱ्याच्या बोलण्यात तिने या तीस वर्षांत चारचौघांदेखत एकदाही चूक काढली नव्हती, कारण ते काम ती कागदावर उरकत असे. आज सकाळी निघताना त्याने तिला बजावले होते, 'तू मध्ये पडू नकोस.' आणि न पडण्याचे तिने मनापासून ठरवलेही होते. तिने कप टेबलावर ठेवले. मग नणंदेच्या हातातली पेन्सिल समासात पुन्हा पुन्हा तीच वजाबाकी गिरवते आहे असे तिला दिसले, आणि ते तिला बघवेना.

"मी खूण केली होती," ती म्हणाली.

"अगं..." दादा म्हणाला.

"प्रुफावर. महिन्यापूर्वी. तारखेखाली रेघ ओढून समासात लिहिलं होतं, 'बाबा या दिवशी जखमी झाले, वारले नाहीत.' प्रूफ परत आलं तेव्हा माझी खूण खोडलेली होती, आणि शेजारी यांच्या अक्षरात, 'राहू दे.'"

बोनसने भावाकडे पाहिले. तिचा राग आतापर्यंत समितीवर होता. समितीवरचा राग सोयीचा असतो, तो घरात जेवायला बसत नाही. आता त्याला जागा बदलावी लागली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"महिनाभर."

"हो, म्हटलं ना!" दादाने सुतळी फेकली. "नियम आहे त्यांचा. भिंत फक्त हुतात्म्यांची. जिवंत परत आलेल्यांना भिंत नाही. खरी तारीख दिली असती तर बाबांचं नाव कुठेच लागलं नसतं. आयुष्यभर लोकांना पाणी सोडलं त्या माणसानं. एक दगड लागला तर कोणाचं काय बिघडलं?"

"माझं बिघडलं," बोनस म्हणाली. "आणि आईचं. एकवीस वर्षं संसार केला तिने. कोणाबरोबर?"

आई आतल्या खोलीतून आली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ती भिंतीला हात न लावता चालत असे आणि याचा तिला ताठा होता. तिने पुस्तिका हातात घेतली, चष्मा नाकावर ठेवला, आणि पान बारा सावकाश वाचले.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "'हसतमुखाने मृत्यूला कवटाळले.' ह्यांना दाढ दुखली तर शेजारीपाजारी ऐकू जायचं."

वहिनीला हसू आवरले नाही. दादालाही आवरले नसते, पण त्याने तोंड खिडकीकडे केले.

"तुम्ही सांगा आई," वहिनी म्हणाली. "तुमचं म्हणणं काय?"

"आधी ह्याचं ऐकू दे मला. अरे, तू खोटं बोलणारा नाहीस. सहावीत काच फोडलीस तेव्हा स्वतःच जाऊन सांगून आलास. हे का केलंस?"

दादा उठून खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलला हवा भरत होते. पंपाचा आवाज वर येत होता आणि थांबत होता. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसाने पन्नास वर्षे एक वाक्य जिभेखाली ठेवले होते, आणि ते आता बाहेर काढताना त्याला स्वतःचाच आवाज परका वाटत होता.

"मी आठ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तार आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला प्रार्थनेच्या वेळी व्यासपीठावर उभं केलं. सगळी शाळा माझ्यासाठी उभी राहिली. सगळी. वर्गात एक दांडगा होता, रोज माझी टोपी ड्रेनेजमध्ये टाकायचा. त्याने सरकून मला खिडकीजवळची जागा दिली. अकरा दिवस मी हुतात्म्याचा मुलगा होतो, आई. मी रडत होतो, खोटं नाही रडलो. पण जागा खिडकीजवळची होती."

त्याने खिडकीची कडी लावली आणि पुन्हा काढली.

"मग बाबा आले. कुबडी घेऊन, थेट शाळेच्या फाटकाशी. सगळी पोरं बघत होती. मी धावत गेलो. आणि धावता धावता पहिला विचार काय आला सांगू? आता खिडकीची जागा जाणार." त्याने तोंडावरून हात फिरवला. "बाप जिवंत बघून हे सुचलं मला. नंतर एकवीस वर्षं रोज त्यांच्या ताटासमोर बसलो. सांगितलं नाही. ते प्रूफ बघितलं आणि वाटलं... काय वाटलं तेही नीट सांगता येणार नाही. राहू दे, एवढंच वाटलं."

बोनसच्या हातातली पेन्सिल खाली गेली. आपल्या जन्माचा हिशेब मांडून ती आली होती, आणि त्या हिशेबात एक आठ वर्षांचा मुलगा तिने धरलाच नव्हता. हा मुलगा तिला कधी भेटलाच नव्हता. ती जन्मली तेव्हा तो अकरा वर्षांचा, गंभीर, तिला कडेवर घेऊन जिने उतरणारा दादा झालेला होता.

"त्यांना ठाऊक होतं," आई म्हणाली.

"काय?"

"सगळं नाही. पण ती तार मी जाळणार होते. शोधली तर सापडेना. ह्यांनाच सापडली, तुझ्या दप्तरात, नकाशाच्या वहीत. घडी घालून ठेवली होतीस."

दादा वळला. "मी ती... मला आठवतंय. नंतर ती गेली वहीतून."

"आपोआप नाही गेली. ह्यांनी काढली, वाचली, आणि त्या रात्री परत तिथेच ठेवली. दुसऱ्या दिवशी चौकटवाल्याकडून चौकट घेऊन आले आणि ती तीत बसवली. मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुमचं? तर म्हणाले, पोराला ती लपवून ठेवावी लागतेय. लपवलेली गोष्ट मोठी होत जाते. भिंतीवर राहू दे, उजेडात. मी रोज सांगीन त्याला."

"काय सांगणार होते?"

"अरे, काय म्हणजे? रोज पहाटे कामावर निघताना बाहीने काच पुसायचे आणि काय म्हणायचे?"

हे घरातल्या सगळ्यांना पाठ होते. लहानपणी दोन्ही भावंडांनी झोपेत, अर्धवट जागेपणी, बुटांच्या आवाजाआधी ते दोन शब्द हजारो वेळा ऐकले होते. *आज नाही.* बाबा ते मरणाला बजावतात, अशी दोघांची समजूत होती. पाहुण्यांपुढे त्यावर विनोदही होत.

"ते तारेला म्हणायचे," दादा म्हणाला.

"तारेला कान असतात? तुझी गादी कुठे असायची?"

दादाने भिंतीकडे पाहिले. चौकटीच्या बरोबर खाली, जिथे आता जेवणाचे टेबल होते, तिथे पन्नास वर्षांपूर्वी एक गादी असे.

"तुला सांगत होते," आई म्हणाली. "की आज मेलो नाही, आजही येतो परत. तू जागा असायचास, तेही त्यांना कळायचं. झोपलेल्या पोराचा श्वास असा नसतो म्हणायचे."

दादा खुर्चीवर बसला. वहिनीने त्याच्यापुढचा थंड झालेला चहा उचलला आणि तिथे आपला, गरम असलेला, ठेवला.

पहिल्यांदा उठली ती आई. "चला. माझी चप्पल द्या. ह्यांना तिथून खाली उतरवायचंय."

"नाव जाईल, आई," दादा म्हणाला, पण आता तो फक्त विचारत होता.

"जाऊ दे की. ते भिंतीवर कधी राहिलेच नाहीत, घरी राहिले. एकवीस वर्षं वरची मिळाली मला, ती कोणी दिली ते अजून कळलेलं नाही. पण ती मिळालीच नाहीत असं दगडात कोरून मी परत करणार नाही. एवढी कृतघ्न नाही मी."

'वरचे दिवस' हा बाबांचा शब्द. तार आल्यानंतरचे सगळे दिवस वरचे. त्या हिशेबाने धाकट्या मुलीचे नाव बोनस पडले होते, आणि हजेरीपटावरचे नाव कोणाच्या लक्षातही राहिले नव्हते.

शाळेच्या सभागृहात दुपारी तीनला दोन कामे एकाच वेळी चालली होती. भिंतीशी पाथरवट आठव्या दगडाच्या कडा पुसत होता, आणि मोकळ्या जागेत नववीची चार मुले, दोन मुली आणि दोन मुलगे, कॅनव्हासच्या स्ट्रेचरवर पाचव्या मैत्रिणीला घेऊन फेऱ्या मारत होती. पाचवी खुदुखुदू हसत होती.

हा बाबांचा धडा. दरवर्षी एकदा शाळा त्यांना बोलवी, शौर्यावर चार शब्द सांगा म्हणून. बाबांकडे चार शब्द नसत. ते स्ट्रेचर घेऊन येत. लढाईत त्यांच्या हातात कधी बंदूक नव्हती. पुलावरून नऊ जखमींना उचलून आणणारे ते हमाल होते, हा शब्दही त्यांचाच. दहाव्या खेपेला ते स्वतःच पडले, आणि दुसऱ्याच कुठल्या तुकडीच्या लोकांनी त्यांना उचलून दुसऱ्याच कुठल्या इस्पितळात नेले. म्हणून ती तार. 'कवायतीत पावलं जुळवायला शिकवतात,' ते मुलांना सांगत. 'स्ट्रेचर धरलं की पावलं चुकवायची. चौघांचा डावा पाय एकदम पडला तर खाट झोके घेते आणि माणसाची जखम उघडते. प्रत्येकाने आपलं पाऊल वेगळं टाकायचं, पण खाट सगळ्यांची सपाट.' हे शिकून काय करायचे असे कोणीतरी विचारीच. त्यावर ते म्हणत, 'मला उचलणाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत. आभार मानायचे राहिलेत. म्हणून सगळ्यांनाच शिकवून ठेवतो.'

ते वारल्यावर धडा बोनसकडे आला होता. पुस्तिकेत तो नव्हता.

मुख्याध्यापकांना दादानेच सांगितले. बोनस बोलायला पुढे झाली, तर त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागे केले. "चूक माझी आहे, सर. मला माहीत होतं आणि मी छापलं. माझे वडील त्या दिवशी वारले नाहीत."

मुख्याध्यापक दोनच वर्षांपूर्वी या शाळेत आले होते आणि वाईट गृहस्थ नव्हते; फक्त उद्याच्या पाहुण्यांची यादी त्यांच्या खिशात होती. "अहो, पण दगड बसवलाय! आणि पुस्तिका? पाचशे प्रती!"

"शुद्धिपत्र लावते मी," वहिनी म्हणाली. तिने पर्समधून कागद काढला. मजकूर तिने रिक्षातच लिहिला होता. "'पान बारा, नोंद आठवी. सदर गृहस्थ नमूद दिवशी ठार झाले नसून त्यानंतर एकवीस वर्षे जगले. चुकीबद्दल मुद्रक आनंद व्यक्त करतात.'"

"आनंद? दिलगिरी म्हणतात."

"नाही," वहिनी म्हणाली. "मी तपासलंय."

"पण मग नियमाप्रमाणे त्यांचं नाव..."

"काढा," आई म्हणाली. "सातांचा पडदा ओढा तुम्ही. ते सात खरोखर परत आले नाहीत. त्यांच्या रांगेत ह्यांना खोटं उभं केलं तर त्यांना काय वाटेल?"

मुख्याध्यापकांनी पाथरवटाकडे पाहिले, जणू तो तरी अडचण काढील.

पाथरवटाने सिमेंट थापायच्या करणीचे टोक दगडाच्या कडेत घातले. "सिमेंट अजून धरलेलं नाही. निघेल. पण अक्षरं काही पुसली जायची नाहीत. पुन्हा घासून कोरायचा तर पंधरा दिवस."

"दगड कसा आहे?" आईने विचारले.

"दगड एक नंबर, आजी. तीन फूट लांब, दीड रुंद. नुसता दोन पायांवर टेकवला तरी बाक होईल."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. "फाटकाशी जुन्या खांबांचे दोन बुंधे आहेत ना अजून?"

"आहेत," दादा हळूच म्हणाला. ते कोणत्या जागी आहेत हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तिथेच बाबा कुबडी टेकून उभे होते.

"ह्यांचा पाय दुखायचा," आई मुख्याध्यापकांना म्हणाली. "कुठेही गेलं की आधी बसायला जागा बघायचे. तुमच्या फाटकाशी पालक तासन्‌तास उभे असतात. अक्षरं खाली करा आणि ठेवा तिथे. वर काही लिहू नका."

दगड उतरला. हातगाडी मिस्त्री घेऊन गेले होते. पाथरवट डोके खाजवत असताना स्ट्रेचरवरची मुलगी आपणहून खाली उतरली.

"बाई, आम्ही नेऊ?"

दगड कॅनव्हासवर आला. चौघांनी दांडे उचलले आणि एकाचा चेहरा लाल झाला. "बाई, पेशंट जड आहे."

"पेशंटला ऐकू येतं," बोनस म्हणाली. "त्याच्यासमोर असं बोलायचं नाही."

दारापर्यंत ठीक गेले. पायरीवर आठवडाभराची कवायत पायांत शिरली. डावा, उजवा, डावा, चौघांची पावले एकदम पडू लागली आणि दगड झोके घेऊ लागला.

"पावलं चुकवा!" मागून खणखणीत आवाज आला. बोनसने तोंड उघडले होते, पण आवाज तिचा नव्हता. आई पायरीवर उभी होती, हात कुठेही न टेकता. "चुकवा रे! माणूस आहे!"

चौघांनी पावले चुकवली. खाट सपाट झाली. मैदानाच्या मध्यातून ती पाण्यावरून गेल्यासारखी गेली, आणि मागून कोणी सांगितले नसताना सगळे जण, मुख्याध्यापकसुद्धा, आपापल्या वेगळ्या पावलांनी चालत गेले.

पाथरवटाने बुंध्यांवर सिमेंट थापले, अक्षरे खाली करून दगड ठेवला, वरून हात फिरवला. "उद्यापर्यंत जपा. पण एकदोघांचं वजन चालेल. उलट बसेल चांगला."

सगळ्यांनी आईकडे पाहिले. आईने दादाकडे.

"तू बस," ती म्हणाली. "खिडकीजवळची आहे."

दादा बसला. रस्त्याकडे तोंड करून, दोन्ही हात मांड्यांच्या बाजूला, दगडाची कड धरून. शाळा सुटायला अवकाश होता, तरी दोन पालक येऊन उभे राहिले होते. त्याची बोटे दगडाच्या खालच्या अंगाला गेली. छापखान्यात टाइपाचे उलटे खिळे बोटांनी वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याला तारीख लागायला वेळ लागला नाही. प्रत्येक आकड्यावरून त्याने एकदा बोट फिरवले. मग बाहीने दगडाची वरची, कोरी बाजू पुसली.

"आज नाही," तो म्हणाला, आणि सरकून बोनसला जागा दिली.